डावा कोपरा, खालचा

माणसाने घरात एक तरी साधा माणूस बाळगावा, असं कोपरेवाल्याचं मत होतं. साधा म्हणजे स्वभावाने नव्हे. (स्वभावाने साधा माणूस घरात आपण एकटेच आहोत, असं तो समजत असे.) साधा म्हणजे ज्याला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही, पण कॉम्प्युटर रोज लागतो, असा. असा माणूस चाचणीला फार उपयोगी पडतो. बायको उपयोगाची नव्हती. ती हॉस्पिटलात नर्स होती आणि न विचारता खरं बोलायची. राहता राहिले बाबा.

आता हा कोपरेवाला कोण, ते आधी सांगायला हवं. दिवसा तो पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारी नोंदवून घेणारा कारकून होता. "पाणी येत नाही" हे एकच वाक्य दिवसभर निरनिराळ्या आवाजांत ऐकायचं, लिहायचं आणि वरच्या साहेबाकडे पाठवायचं, असं ते काम. संध्याकाळी घरी आला की मात्र त्याच्या अंगात वेगळंच वारं शिरायचं. तो डेस्कटॉप बनवायचा.

डेस्कटॉप म्हणजे टेबल नाही. कॉम्प्युटर सुरू केला की समोर जे काही दिसतं, खालची पट्टी, घड्याळ, मेनू, विंडो लहानमोठ्या करायची बटणं, हा सगळा संसार म्हणजे डेस्कटॉप. बहुतेकांना वाटतं, तो यंत्राबरोबरच जन्माला येतो. तसं नसतं. कोणीतरी बसून तो लिहिलेला असतो. जगात असेही काही लोक आहेत की जे तो फुकट लिहितात, फुकट वाटतात आणि आपलं सगळं लिखाण चव्हाट्यावर मांडून ठेवतात, की वाटेल त्याने यावं, न्यावं, सुधारावं आणि नावं ठेवावीत. न्यायला आणि सुधारायला फारसं कोणी येत नाही. नावं ठेवायला सगळे येतात.

कोपरेवाला अशाच एका लहानशा मंडळात होता. मंडळातल्या लोकांनी एकमेकांची तोंडं पाहिलेली नव्हती. जो तो आपापल्या घरी बसून आपापला तुकडा लिहायचा, आणि ज्याचा जो तुकडा तेच त्याचं नाव. एक पट्टीवाली होती. एक घड्याळवाला होता, तो कित्येक वर्षं फक्त घड्याळ करत होता आणि ते घड्याळ दर वेळी पुढच्या आवृत्तीत येणार असायचं. आणि आपल्या माणसाने कोपरा केला होता. माउसचा बाण पडद्याच्या डाव्या खालच्या कोपऱ्याला नुसता टेकवला की उघडलेल्या सगळ्या विंडो झरकन बारीक व्हायच्या आणि ओळीत उभ्या राहायच्या, हवी ती निवडा. क्लिक नको, काही नको. ह्या कोपऱ्यावर त्याचा फार जीव होता. बायकोला त्याने तो पहिल्यांदा दाखवला तेव्हा ती म्हणाली होती, "छान आहे. ह्याचं काय करायचं?"

नवी आवृत्ती निघायची वेळ आली आणि मंडळात ह्या कोपऱ्यावरून जुंपली. पट्टीवालीचं म्हणणं, कोपरा पहिल्यापासून चालू ठेवू नये, ज्याला हवा त्याने चालू करून घ्यावा, नाहीतर लोक दचकतील. कोपरेवाल्याचं म्हणणं, लोक दचकणार नाहीत, हरखून जातील. शब्दाने शब्द वाढला. शेवटी घड्याळवाल्याने तोडगा काढला. भांडण्यापेक्षा तुलना करू. प्रत्येकाने घरातला एक साधा माणूस घ्यावा. त्याच्या मशीनवर आपला डेस्कटॉप आणि फुकट मिळणारे दुसरे दोन, असे आळीपाळीने काही दिवस ठेवावेत, आणि तो कशावर रमतो ते बघावं. अट एकच, त्या माणसाला काही सांगायचं नाही. सांगितलं की माणूस भिडेखातर कौतुक करतो आणि निष्कर्ष बिघडतो.

कोपरेवाल्याने ह्या अटीला ताबडतोब अनुमोदन दिलं. (बाबांनी भिडेखातर आपलं कौतुक केल्याचं त्याला आठवत नव्हतं. पण तत्त्व ते तत्त्व.)

बाबा निवृत्त लिफ्ट-इन्स्पेक्टर. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी उंच इमारतींमधून वरखाली करण्यात घालवली होती. लोक तक्रार करायचे की लिफ्ट आपोआप वर गेली, आपोआप मधेच थांबली. बाबा जायचे, तपासायचे, आणि दर वेळी निघायचं एकच. तक्रार करणाऱ्यानेच कुठलं तरी बटण दाबलेलं असायचं. त्यावरून त्यांचा सिद्धांत तयार झाला होता. "यंत्र आपणहून काही करत नाही. करतो माणूस, आणि मग विसरतो." घरात कोणाची किल्ली हरवो, छत्री हरवो, हे वाक्य त्याला ऐकावंच लागायचं.

दुसरी गोष्ट सवयीची. काम संपलं की लिफ्ट तळमजल्याला आणून उभी करायची, दार लावायचं आणि मग घरी जायचं. नोकरी सुटली तरी सवय सुटली नाही. बाबा दर्शनी खोलीत कॉम्प्युटरवर बसून वर्तमानपत्र वाचायचे आणि दूर राहणाऱ्या एका जुन्या सहकाऱ्याशी बुद्धिबळ खेळायचे. वाचताना अक्षरांवर तो बाण नाचू नये म्हणून ते माउस हलकेच सरकवत आणि बाण खाली, डावीकडे, अगदी कोपऱ्यात नेऊन उभा करत. तळमजल्याला. वर्षानुवर्षं ते हे करत होते आणि त्याच घरात राहणाऱ्या कोपरेवाल्याच्या हे कधी लक्षात आलं नव्हतं.

बाबा फिरायला गेल्याची संधी साधून त्याने तिन्ही डेस्कटॉप मशीनवर चढवले. तुलना न्याय्य व्हावी म्हणून त्याने मेहनतही फार घेतली. चित्रं तीच ठेवली, अक्षरं तीच ठेवली, आणि पडद्यामागचा फोटोही तोच ठेवला. तो फोटो बाबांनी काढलेला होता. आई गॅलरीत कपडे वाळत घालतेय आणि कोणी हाक मारल्यासारखी मागे वळून बघतेय. आई जाऊन बराच काळ झाला होता. फोटो जागेवर असला की बाबांना काही बदलल्याचा संशय येणार नाही, असा हिशेब त्याने केला, आणि तो हिशेब तंतोतंत बरोबर आला. एवढा एकच.

पहिल्या डेस्कटॉपवर एका क्लिकमध्ये वर्तमानपत्र उघडायचं. काही दिवसांनी तो बदलला, तर दोनदा क्लिक करावं लागायला लागलं. बंद करायची फुली पहिल्यात उजवीकडे होती, ती दुसऱ्यात डावीकडे गेली. मग आला खुद्द कोपरेवाल्याचा डेस्कटॉप. त्यातही दोनदा क्लिक होतं, फुली डावीकडेच होती, आणि वर कोपरा.

कोणती गोष्ट किती वापरली जाते हे मोजणारा एक छोटासा प्रोग्रॅमही त्याने गुपचूप बसवला होता. मंडळात ह्याला निरीक्षण म्हणत. पहिल्या संध्याकाळी त्याने आकडा पाहिला आणि त्याला वाटलं, मोजणीच बिघडली. बाबांनी कोपरा वापरला होता. पुन्हा वापरला होता. जणू दुसरं काही केलंच नव्हतं. त्याने मंडळाला लिहिलं, "माझ्या वापरकर्त्याने, वय झालेल्या गृहस्थाने, कोणी न सांगता कोपरा शोधून काढला आहे आणि आता त्याला त्याशिवाय करमत नाही." पट्टीवाली गप्प झाली. घड्याळवाल्याने अंगठा दाखवला, वर केलेला. कोपरेवाला इतका खूश झाला की दुसऱ्या दिवशी कचेरीतून येताना बाबांसाठी नव्या चपला घेऊन आला. बाबांनी त्या पाहिल्या, खोक्यात परत ठेवल्या आणि खोकं पलंगाखाली सरकवलं. नव्या चपला झिजवायला आपण किती दिवस शुद्धीवर असू, असा विचार त्यांच्या मनात आला होता, हे त्या बिचाऱ्याला कसं कळावं.

कारण दर्शनी खोलीत वेगळंच चाललं होतं. बाबा वर्तमानपत्र उघडत, बाण तळमजल्याला नेऊन उभा करत, आणि वाचायला लागणार तोच अख्खं वर्तमानपत्र आक्रसून टिकलीएवढं होई. बाबा माउस हलवत, ते परत मोठं होई. अक्षरांवर बाण नको म्हणून ते पुन्हा बाण तळमजल्याला नेत. पुन्हा तेच. दुसरा कोणी असता तर त्याने मशीनला शिव्या दिल्या असत्या, पोराला हाक मारली असती. बाबांनी हाक मारली नाही. यंत्र आपणहून काही करत नाही. करतो माणूस, आणि मग विसरतो. खोलीत माणूस एकच होता.

मग त्यांना बाकीचंही आठवलं. परवापर्यंत एका क्लिकमध्ये उघडणारी गोष्ट आता दोनांत उघडते. फुली उजवीकडे असायची, ती डावीकडे दिसते. का डावीकडेच होती? ते बराच वेळ त्या फुलीकडे बघत बसले, आणि फुलीच्या मागे आई कपडे वाळत घालत होती, जशीच्या तशी.

त्या दिवसापासून बाबांनी दुपारचा चहा स्वतः करणं सोडलं. गॅस चालू राहिला तर काय घ्या. स्कूटरची किल्ली त्यांनी सुनेच्या हातात दिली आणि म्हणाले, "गुडघा धरतो." बुद्धिबळवाल्या मित्राला कळवलं की डोळ्यांचा त्रास आहे, डाव तुझा. गॅलरीत खुर्ची टाकून ते नुसते बसायला लागले.

कोपरेवाल्याच्या हे लक्षात आलं नाही असं नाही. आकडे घसरल्याचं त्याच्या लगेच लक्षात आलं.

"बाबा, हल्ली कॉम्प्युटरवर बसत नाही?"

"नको वाटतं."

"काही अडचण आहे का?"

"यंत्राची काही अडचण नाही," बाबा म्हणाले.

कोपरेवाल्याचा जीव भांड्यात पडला. त्याने तेच वाक्य मंडळाला कळवलं.

बाबा बोलले ते सुनेपाशी. ती ड्यूटीवरून येऊन पाय वर घेऊन बसली होती. बाबा समोर येऊन उभे राहिले आणि कागदावरून वाचावं तसं सरळ म्हणाले, "सूनबाई, माझं डोकं चाललंय. त्याला सांगू नकोस, तो घाबरट आहे." तिने आरडाओरडा केला नाही. दुसऱ्या दिवशी ती त्यांना आपल्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी काही वस्तूंची नावं लक्षात ठेवायला सांगितली, आकडे उलटे म्हणून घेतले, एक घड्याळ काढायला सांगितलं. बाबांनी घड्याळ इतकं नेटकं काढलं की मिनिटांच्या खुणासुद्धा सोडल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, "काका, तुमची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा बरी आहे. आजार काही नाही." बाबांनी नमस्कार केला. बाहेर आल्यावर म्हणाले, "चांगला माणूस आहे. तोंडावर सांगत नाही."

आणि मग एकटेच जाऊन ते वृद्धाश्रम बघायला लागले. त्यांतला एक त्यांना पसंत पडला. त्याची लिफ्ट मजल्याला अगदी समपातळीत थांबायची.

बायकोने हे सगळं नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो भांडी पुसत होता. सासऱ्यांना दिलेला शब्द तिने इतके दिवस पाळला होता, पण आश्रमाचं कळल्यावर तिला राहवेना.

"बाबा वृद्धाश्रमात जायचं म्हणतायत."

"कोणाला भेटायला?"

"राहायला. त्यांना वाटतंय त्यांना विसरायला होतंय. डॉक्टर म्हणतात काही नाही. पण ते म्हणतात, मला लक्षणं दिसतायत."

"कसली लक्षणं?"

"म्हणे, एका क्लिकमध्ये उघडायचं ते आता दोनांत उघडतं."

कोपरेवाल्याने हातातलं ताट दुसऱ्यांदा पुसायला घेतलं.

"फुली म्हणे उजवीकडे होती ती डावीकडे दिसते."

"बरं."

"आणि वाचायला बसलं की सगळं आपोआप बारीक होतं आणि एका ओळीत उभं राहतं. हे सांगताना रडले हो ते. मी बाबांना कधी रडताना पाहिलं नव्हतं." तिने डोळे पुसले. "तुमचा चेहरा असा का झालाय?"

सासऱ्यांच्या आजाराचं एकेक लक्षण ती सांगत होती आणि ते एकेक लक्षण नव्या आवृत्तीच्या जाहिरातीत ठळक अक्षरांत छापलेलं होतं. कोपरेवाल्याने ते स्वतः लिहिलं होतं. खरं सांगायची वेळ आली असेल तर ती हीच, हे त्याला कळत होतं. त्याने तोंड उघडलं आणि म्हणाला, "मी बघतो."

त्याने काय बघितलं? तर बाबा आंघोळीला गेल्यावर त्यांच्या मशीनवरचे तिन्ही डेस्कटॉप काढून टाकले आणि चाचणीच्या आधीचा, जुना, सवयीचा होता तसा परत बसवला. मोजणारा प्रोग्रॅमही पुसून टाकला. त्याचं गणित सोपं होतं. सगळं जागच्या जागी आलं की बाबा आपोआप बरे होतील, आणि कोणी कोणाला काही सांगायला नको. साप मरेल आणि काठीही मोडणार नाही.

सकाळी बाबा सहज म्हणून कॉम्प्युटरवर बसले. वर्तमानपत्र पूर्वीसारखं उघडलं. फुली उजवीकडे. त्यांनी बाण सावकाश तळमजल्याला नेला आणि श्वास धरून बसले. काही झालं नाही. अक्षरं जागेवर राहिली. बाबांनी पहिलं पान पूर्ण वाचलं, मशीन बंद केलं आणि मुलाला हाक मारली. त्यांचा चेहरा शांत होता. कोपरेवाल्याला मनातून हुश्श झालं.

"बस," बाबा म्हणाले. "आज मला सगळं पहिल्यासारखं दिसतंय. एकदम स्वच्छ."

"बघा, मी म्हणत नव्हतो, थोडा थकवा असेल."

"थकवा नाही. विझताना दिवा मोठा होतो, तसं आहे हे. मी वाचलंय. मधेच एखादा दिवस लख्ख येतो आणि मग एकदम अंधार. तेव्हा आज शुद्धीवर आहे तोवर बोलून घेतो. आश्रमात खोली बघितली आहे. आज जाऊन सही करायची. तू सोबत चल. रस्ता मला आठवेल असा भरवसा नाही."

कोपरेवाला कचेरीत न जाता बाबांबरोबर निघाला. रस्ताभर तो बोलायचं ठरवत होता. पहिल्या चौकात ठरवलं, की पुढच्या चौकात बोलू. बाबा मात्र वळणावळणावर न चुकता "आता उजवीकडे," "आता सरळ" असं सांगत होते, आणि सांगून झालं की मुलाकडे बघत होते, बरोबर ना म्हणून. 

आश्रमाच्या व्यवस्थापिका हसतमुख बाई होत्या. खोली तिसऱ्या मजल्यावर होती. "तुम्ही लिफ्टने या, मी जिन्याने येते, तेवढाच व्यायाम," म्हणून त्या पुढे झाल्या. बाप-लेक लिफ्टमध्ये शिरले. बाबांनी बटण दाबलं आणि सवयीने कान देऊन मोटरीचा आवाज ऐकायला लागले.

"बाबा," कोपरेवाला म्हणाला, "ते बारीक होणं मी केलं."

"काय?"

"ते सगळं ओळीत उभं राहणं. फुली डावीकडे. दोनदा क्लिक. तुमच्या मशीनवरचा डेस्कटॉप मी बदलत होतो. तीन वेगवेगळे. तुलना करायची होती. तुम्हाला काही झालेलं नाही."

दार उघडलं. व्यवस्थापिका धापा टाकत समोर उभ्या होत्या. बाबांनी त्यांच्याकडे बघून मान लववली आणि तळमजल्याचं बटण दाबलं. दार बंद झालं.

"मला का सांगितलं नाहीस?"

"सांगायचं नाही असं ठरलं होतं. सांगितलं की निष्कर्ष बिघडतो."

"कोणाशी ठरलं होतं?"

"मंडळाशी. आम्ही कधी भेटलेलो नाही."

लिफ्ट खाली पोचली. बाबांनी पुन्हा वरचं बटण दाबलं. दाराच्या फटीतून व्यवस्थापिका जिन्याने खाली उतरताना दिसल्या.

"आणि आज सकाळी परत पहिल्यासारखं?"

"तेही मीच. मला वाटलं, आता तुम्ही बरे व्हाल."

 लिफ्ट वर आली, दार उघडलं, बाहेर कोणी नव्हतं, दार बंद झालं. मग बाबा बोलायला लागले, आणि त्यांचा आवाज इन्स्पेक्टरचा नव्हता.

"मी रोज सकाळी डोळे उघडले की आधी नावं म्हणायचो. सूनबाईचं. तुझं. तुझ्या आईचं. ज्या दिवशी एखादं अडेल त्या दिवशी घर सोडायचं, असं मनाशी ठरवलं होतं. मग वाटलं, अडायची वाट कशाला बघायची. तुझं अडलं असतं तर तुझ्या तोंडाकडे बघवलं नसतं मला." त्यांनी तळमजल्याचं बटण दाबलं. "आईचा फोटो तेवढा तू हलवला नाहीस."

"तुम्हाला फरक कळू नये म्हणून."

"त्यानेच तर खात्री पटली. म्हटलं, ही आपली जागच्या जागी उभी आहे आणि बाकीचं सगळं हलतंय. म्हणजे हलतोय तो मीच."

कोपरेवाल्याला रडू आलं. चाळिशी उलटलेला कारकून आश्रमाच्या लिफ्टमध्ये बापासमोर लहान पोरासारखा रडला, आणि बापाने त्याला रडू दिलं. खिशातून रुमाल काढून दिला तो मात्र लिफ्ट खाली जाऊन परत तिसऱ्या मजल्यावर येताना, कारण तिथे दार उघडणार होतं आणि व्यवस्थापिका तिथे पोचल्या असाव्यात असा त्यांचा अंदाज होता. अंदाज बरोबर निघाला. बाई कठडा धरून उभ्या होत्या.

"खोली आवडली आम्हाला," बाबा न बघताच म्हणाले. "पण आज सही नको. आज मुलाची तब्येत बरी नाही."

घरी आल्यावर बायकोने सगळं ऐकून घेतलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आमच्याकडे एखाद्यावर नवं औषध करून बघायचं असलं तर आधी त्याला विचारतात," ती म्हणाली. "बेवारशी माणूस असला तरी विचारतात. तुमचे तर वडील होते."

"पण सांगितलं असतं तर निष्कर्ष..."

"जेवायला बसा."

त्याने मंडळाला खरं काय ते कळवलं. माझा वापरकर्ता कोपरा वापरत नव्हता, बाण उभा करत होता. त्याला करमत नव्हतं हे खरं, पण कारण वेगळं होतं. आता पट्टीवाली आपल्याला फाडून खाणार, अशी त्याची तयारी होती. तिचं उत्तर एका ओळीचं आलं, "तुझे वडील आता कसे आहेत?" ते वाचून त्याला जेवण गेलं नाही. कोपरा पहिल्यापासून बंद ठेवायचा ठराव बिनविरोध मंजूर झाला, त्याच्या स्वतःच्या मतासकट. घड्याळवाल्याने तेवढी चौकशी केली, की वापरकर्ता घड्याळाबद्दल काही बोलला का.

बाबा परत चहा करायला लागले. स्कूटरची किल्ली सुनेकडून परत घेतली, गुडघा बरा आहे म्हणाले. पलंगाखालचं खोकं काढून नव्या चपला पायांत घातल्या. फक्त मुलाशी ते फार सभ्यपणे वागायला लागले, आणि त्याची त्याला धास्ती वाटायला लागली. शेवटी एकदा जेवताना ते म्हणाले, "तुलना करायची कल्पना वाईट नाही. आता काही दिवस आम्ही करतो. मी आणि सूनबाई. घरातल्या वस्तू, तुझ्यावर."

"म्हणजे काय करणार?"

"ते सांगून कसं चालेल?" बाबा म्हणाले. "जिवाला धोका होईल असं काही करणार नाही. आणि कुलपाला हात लावणार नाही. शब्द देतो."

झालं. त्याचा टॉवेल नेहमीच्या खुंटीवरून दुसऱ्या खुंटीवर गेला. शर्टांच्या खणात मोजे आले. जेवणाच्या टेबलाशी त्याची खुर्ची तीच होती, पण ती टेबलाच्या दुसऱ्या बाजूला होती, आणि सगळे असे निर्विकार जेवत होते की ती पहिल्यापासून तिथेच असावी. तो विचारायचा, "हे तुम्ही केलंत?" बायको म्हणायची, "काय?" बाबा वर्तमानपत्रातून डोकं वर काढत नसत. काही दिवसांत त्याची अशी गत झाली, की कंगवा उचलतानासुद्धा तो आधी आजूबाजूला बघायचा. कचेरीत त्याने एका बाईची "पाणी येत नाही" ही तक्रार ऐकून "नक्की ना? नीट आठवा" असं विचारलं, आणि साहेबांकडून बोलणी खाल्ली.

अशातच एकदा संध्याकाळी तो इमारतीच्या लिफ्टने वर आला, दाराला किल्ली लावली, तर किल्ली फिरेना. त्याने पुन्हा लावली. उलटी लावून पाहिली. मग मात्र त्याचा संयम सुटला. शब्द म्हणजे शब्द असतो. त्याने दारावर थाप मारली आणि फटीशी तोंड नेऊन म्हणाला, "बाबा, हे अती झालं. कुलपाला हात लावायचा नाही असं ठरलं होतं. मी चुकलो हे मी लिफ्टमध्ये कबूल केलंय, रडून केलंय, आता आणखी किती?"

दार उघडलं. आत खालच्या मजल्यावरचा व्यायामशिक्षक टॉवेल गुंडाळून उभा होता.

"आमच्याकडे बाबा नाहीत," तो हळुवारपणे म्हणाला. "पाणी हवंय का थोडं?"

कोपरेवाला जिन्याने एक मजला चढून आपल्या घरी आला. किल्ली गुपचूप फिरली. तो खुर्चीवर बसला आणि बऱ्याच वेळाने बायकोला हलक्या आवाजात म्हणाला, "लिफ्टमधली बटणं तुम्ही बदललीत ना? खरं सांग. मी रागावणार नाही."

"नाही हो," ती म्हणाली. "आम्ही तर सगळं केव्हाच थांबवलंय. गेल्या आठवड्यापासून कशालाही हात लावला नाही. बाबा म्हणाले, पुरे आता."

"गेल्या आठवड्यापासून? मग परवा माझा डबा बुटांच्या कपाटात कोणी ठेवला? आणि आज सकाळी डाव्या पायात एक चप्पल आणि उजव्या पायात..."

 ती नर्सच्या नजरेने त्याच्याकडे बघत होती.

बाबा उठून आले. त्यांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. हात प्रेमाचा होता, त्यात शंका नव्हती.

"घाबरू नकोस," ते म्हणाले. "व्यवस्थापिकाबाईंचा फोन आला होता. ती खोली अजून रिकामी आहे. बोलू का तुझ्यासाठी?"

कोपरेवाला नाही म्हणणार होता. पण त्याआधी, स्वतःची खात्री करून घ्यावी म्हणून, ती खोली नक्की कितव्या मजल्यावर होती ते त्याने मनातल्या मनात आठवून पाहिलं. आठवेना.